खिळे फक्त पुढच्या चाकाला: ओउलूतल्या एका हिवाळ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

समीर ऑगस्ट २०२३ मध्ये चिंचवडहून फिनलंडमधल्या ओउलूला आला. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि हे सगळं त्याच्या परवानगीने लिहितो आहे. वय चौतीस, दूरसंचार सॉफ्टवेअरचं काम, सोबत बायको आणि चार वर्षांची मुलगी. घर गावाच्या मध्याजवळ राक्सिला भागात, ऑफिस उत्तरेला लिन्नानमाला. अंतर साडेसहा किलोमीटर, मध्ये ओउलुयोकी नदीवरचे तुइराचे पूल.

समीरचे वडील वीस वर्षं सायकलने पिंपरीच्या कारखान्यात जात. स्वतः समीर मात्र कॉलेजपासून स्कूटरवरचा. ओउलूत पहिल्याच आठवड्यात त्याने चोवीस गिअरची, डिस्क ब्रेकची नवी कोरी सायकल घेतली आणि सप्टेंबरभर मजेत चालवली. इथे ते सोपं आहे. दोन लाखांच्या थोड्या वर वस्तीच्या या गावात सायकलीचे नऊशे किलोमीटरहून जास्त रस्ते आहेत, गाड्यांपासून वेगळे, मोठ्या चौकांत खालून बोगद्यातून जाणारे. हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद २०१३ साली इथेच भरली होती. मेत्सोकांगास भागातल्या बाराशे मुलांच्या शाळेत उणे सतराला हजारेक मुलं सायकलने आल्याची छायाचित्रं जगभर फिरली, ती शाळाही इथलीच.

तरी गाव ६५ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरअखेर सूर्य साडेदहाच्या सुमारास उगवतो आणि दोनच्या आसपास मावळतो. उणे वीस ही बातमी नसते.

मी इथे नऊ हिवाळे सायकल चालवली आहे, म्हणून नव्याने आलेली मराठी मंडळी मला विचारतात. समीरनेही विचारलं. त्याने काय ऐकलं, काय ऐकलं नाही आणि मी काय सांगायचं विसरलो, हे तिन्ही या प्रकरणात येतं.

प्रश्न

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात समीरने मला विचारलं, "उणे किती अंशांपर्यंत सायकल चालवता येते?" माझ्या मते सगळा घोटाळा या प्रश्नापासूनच सुरू झाला. आपण उष्ण देशातली माणसं थर्मामीटरचा आकडा बघून घाबरतो. आकडा जितका खाली तितका धोका मोठा, असं आपलं गणित. अंगावरच्या कपड्यांसाठी ते थोडंफार चालतं, चाकांखालच्या रस्त्यासाठी साफ चुकतं. बर्फ सगळ्यात निसरडा असतो शून्याच्या आसपास, जेव्हा त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे वीसला तोच बर्फ कोरडा होतो, टायरखाली चुरचुरतो आणि बऱ्यापैकी पकड देतो.

हे मी त्याला तेव्हा सांगितलं होतं. पण सांगणं आणि पोचणं यात अंतर असतं.

पर्याय

गाडीचा विचार नवरा-बायकोने एका संध्याकाळी केला आणि सोडून दिला. जुनी गाडी, टायरचे दोन संच, विमा, शिवाय पहाटे इंजिन गरम करायला वीज जोडणीचा खांब असलेली पार्किंगची जागा. पहिल्याच वर्षी एवढा पसारा नको, असं ठरलं.

बस हा चांगला पर्याय होता आणि आहे. घरापासून थांबा पाच मिनिटांवर. फक्त मुलीचं पाळणाघर विरुद्ध दिशेला, त्यामुळे तिला सोडून मग बस गाठायची तर रोजचा जवळजवळ सव्वा तास जायचा. सायकलने तेच पन्नास मिनिटांत व्हायचं. पाळणाघर घराजवळच असल्याने मुलीला चालत सोडायचं, परत येऊन सायकल काढायची, असा क्रम बसला.

इथले म्हातारे-कोतारे बर्फात पायाने ढकलायची घसरगाडी वापरतात, खुर्चीला लांब पट्ट्या लावल्यासारखी. समीरच्या बायकोला ती फार आवडली. ऑफिसच्या अंतरासाठी तिचा उपयोग नव्हता, पण पाळणाघरासाठी पुढे तीच कामाला आली.

ठरलं असं: उणे वीसपर्यंत सायकल, त्याच्या खाली बस. आकडा समीरनेच ठरवला. कशावरून, हे त्यालाही सांगता आलं नाही. गोल आकडा होता.

पहिला निर्णय: आधी जाकीट की आधी टायर

समीरने आधी जाकीट घेतलं. भारी, पिसांचं, उणे तीससाठीचं. टायर "बर्फ पडल्यावर बघू" म्हणून राहिले. ऑफिसातला एक फिनिश सहकारी त्याला म्हणाला होता की नास्तारेंगास घे आधी. समीरला वाटलं, नाश्त्याचं काहीतरी बोलतोय. नास्ता म्हणजे खिळा, रेंगास म्हणजे टायर. रबरात टंगस्टन कार्बाइडचे बारीक खिळे बसवलेले असतात. नुसतं पोलाद डांबरावर लवकर झिजतं, हे टिकतात.

ऑक्टोबरच्या शेवटी बर्फाचा पत्ता नव्हता. रात्री पाऊस पडला, पहाटे पारा उणे तीनवर गेला आणि डांबरावर काच पसरली. तिला इथे काळा बर्फ म्हणतात, कारण दिसतं ते खालचं डांबर. घराच्या गल्लीतून बाहेर वळतानाच पुढचं चाक गेलं. वेग नव्हता, जाकीट जाड होतं, काही लागलं नाही. दुपारी त्याने दुकान गाठलं.

दुकानात दुसरा छोटा निर्णय झाला. टायर एक घ्यायचा की दोन? दुकानदाराने सांगितलं ते खरंच आहे: पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळ मिळत नाही, मागचं घसरलं तर बहुतेक वेळा माणूस सावरतो. म्हणून एकच घ्यायचा तर पुढे. समीरने एकच घेतला. साठ युरो वाचले. मला त्याने फोटो पाठवला आणि मी अंगठा दाखवला. ही माझी चूक. तो फोटो अजून फोनमध्ये आहे.

घाम

नोव्हेंबरमध्ये समीर रोज ऑफिसात ओलाचिंब पोचायचा. उणे सातला उणे तीसचं जाकीट घालून अर्धा तास पायडल मारल्यावर दुसरं काय होणार? सकाळचं ठीक होतं, ऑफिस गरम असतं. संध्याकाळी तोच दमट बनियन घालून निघालं की तुइराच्या पुलावर दात वाजायचे. नदीवर आडोसा नसतो आणि समुद्र जवळ आहे.

यावर उपाय इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे: निघताना थंडी वाजलीच पाहिजे. दहा मिनिटांत शरीर भट्टीसारखं पेटतं. समीरने जाकीट पाळणाघराच्या फेरीसाठी ठेवलं आणि सायकलवर अंगालगत पातळ लोकरीचा सदरा, त्यावर हलकं फ्लीस, वरून फक्त वारा अडवणारं कवच असं सुरू केलं. कापसाचा बनियन बाद. तो घाम पितो आणि धरून ठेवतो. हातांना पाच बोटांचे मोजे सोडून चार बोटं एकत्र राहतील असे. आणखी एक गोष्ट आपले लोक लाजेने विचारत नाहीत म्हणून लिहून टाकतो. पुरुषांनी पुढून वारा अडवणारी अंतर्वस्त्रं घ्यावीत. हे एकदा अनुभवाने कळण्यापेक्षा वाचून कळलेलं बरं.

फ्रीव्हील आणि जुनी सायकल

नव्या सायकलीवर समीरचा जीव. चोरी होईल म्हणून तो ती रोज वर घरात न्यायचा. उबदार व्हरांड्यात बर्फ वितळायचा, पाणी मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, शिरायचं, आणि सकाळी उणे अठरात बाहेर काढलं की गोठायचं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुलाच्या अलीकडे पायडल अचानक रिकामं फिरायला लागलं. चेन जागेवर, गिअर जागेवर, चाक मात्र फिरेना. फ्रीव्हीलच्या आतली कुत्री, म्हणजे दात्यांत अडकणारे ते छोटे खटके, गोठून आत चिकटली होती. चार किलोमीटर सायकल ढकलत तो ऑफिसला गेला.

इथे खरी निवड होती. एक म्हणजे सायकल बाहेरच्या थंड शेडमध्ये ठेवायची, म्हणजे बर्फ बर्फच राहतो आणि झटकला की पडतो. दुसरी म्हणजे हिवाळ्यासाठी वेगळी, साधी सायकल. समीरने दोन्ही केलं. एकशेतीस युरोंना जुनी तीन गिअरची सायकल घेतली, गिअर हबच्या पोटात बंद, मागे पायाचा ब्रेक. पायडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. ब्रेकला गोठायला केबल नाही, झिजायला पट्टी नाही. इथले बरेच जण असल्याच सायकलींवर हिवाळा काढतात आणि मीही तेच सुचवलं होतं.

पुढचा खिळ्यांचा टायर नव्या सायकलीवरून काढून हिला बसवला. मागे जुनाच, गुळगुळीत. आधीच्या सायकलीवर मागचा ब्रेक हाताने, बोटभर दाबाने आवरता यायचा. इथे तो पायाने, शरीराच्या वजनाने लागत होता. हा फरक आमच्यापैकी कोणीच जोडून पाहिला नाही.

उणे चोवीस

डिसेंबरच्या मध्यावर पारा उणे बावीसवर गेला. नियमाप्रमाणे समीर बसथांब्यावर गेला. बस उशिरा आली. थांब्यावर अठरा मिनिटं उभं राहून पायांची बोटं बधिर झाली, तेवढी सायकलवर कधीच झाली नव्हती. उभा माणूस फारशी उष्णता तयार करत नाही. दुसऱ्या दिवशी उणे चोवीस होतं. त्याने नियम मोडला आणि सायकल काढली. या निर्णयाला मी चूक म्हणणार नाही. चूक चेहऱ्याची तयारी न करण्यात होती.

सायकलवाला स्वतःचा वारा स्वतः तयार करतो. हवा पूर्ण शांत असली आणि उणे वीसला तुम्ही ताशी वीस किलोमीटरने गेलात, तर उघड्या कातडीला ते उणे तीससारखं लागतं. उणे पंचवीसला पंधराने गेलात तर उणे पस्तीससारखं. त्या टप्प्यात उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते आणि समीरचा रस्ता बत्तीस मिनिटांचा होता. म्हणून कडक थंडीत हळू जाणं हाही एक कपडाच आहे.

आईने पुण्याहून निघताना खोबरेल तेल आणि व्हॅसलिन बांधून दिलं होतं. खोबरेल तेल तर पुण्याच्या जानेवारीतच थिजतं, त्याची बाटली इथे शोभेला आहे. व्हॅसलिन मात्र समीरने गालांना चांगलं चोपडलं आणि चेहरा उघडा ठेवला. ओउलू विद्यापीठात यावर संशोधन झालेलं आहे: असल्या मलमांनी हिमदंशापासून संरक्षण मिळत नाही. लावल्यावर ऊब वाटते, त्यामुळे माणूस उलट बेसावध होतो.

ऑफिसात शिरताच एका सहकारी बाईंनी त्याला थांबवलं. उजव्या गालाच्या हाडावर रुपयाएवढा पांढरा डाग होता. समीरला काहीच जाणवत नव्हतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पुलावर गाल झोंबत होता, पुढे "बरं वाटायला लागलं". कातडीने कळवणंच बंद केलं होतं. तो गाल चोळायला गेला तेव्हा बाईंनी हात धरला. चोळायचं नाही, हीटरजवळ न्यायचं नाही, कोरडा उबदार तळहात नुसता ठेवून द्यायचा. दहा मिनिटांत रंग आला, मग आग. आठवडाभर साल निघाली, तेवढ्यावर भागलं. पण उन्हाळ्यातही तो ठिपका गार वाऱ्यात लगेच झोंबतो.

त्यानंतर तोंडाला लोकरीची नळी, टोपी कानांच्या पाळ्यांखालपर्यंत, चष्म्यावरून स्कीचा गॉगल. चष्म्यावर धुकं येतंच. यावर परिपूर्ण इलाज मला नऊ वर्षांत सापडलेला नाही.

पाच जानेवारी

५ जानेवारी २०२४ला फिनलंडच्या उत्तरेकडच्या लॅपलंडमधल्या एनोन्तेकिओला उणे ४४.३ नोंदलं गेलं. ओउलूतही हाडं फोडणारी थंडी होती. विजेचा बाजारभाव त्या संध्याकाळी युनिटला दोन युरोंच्या वर गेला. समीरचा फोन आला, "दादा, तुम्ही निघालात का?" मी निघालो नव्हतो. घरून काम करत होतो, गुडघ्यावर गोधडी घेऊन. नऊ हिवाळ्यांचा अनुभव म्हणजे कुठल्या दिवशी बाहेर पडायचं नाही हे कळणं, असं म्हणून मी वेळ मारून नेली. खरं म्हणजे माझ्या सायकलीच्या हबमधलं ग्रीस त्या थंडीत खव्यासारखं होतं आणि पायडल मारताना चिखलातून चालल्यासारखं वाटतं.

फेब्रुवारी सुरळीत गेला. इथे मुख्य सायकलमार्ग पहाटे सातच्या आत साफ होतात. साफ म्हणजे काळं डांबर दिसतं असं नाही. दाबलेला पांढरा थर ठेवतात, त्यावर यंत्राने चरे ओढतात आणि खडी टाकतात. मिठाचा कडक थंडीत फारसा उपयोग नसतो. समीरला त्या पांढऱ्या रस्त्याची गोडी लागली. घरी आईला व्हिडिओ पाठवायचा. आई म्हणायची, "अरे, पण बस आहे ना तिथं?"

मार्च

मार्चचा शेवटचा आठवडा. दिवसा अधिक चार, छपरांवरून ठिबक, रात्री उणे पाच. सकाळी साडेसातला अधिक एक. समीरने पातळ जाकीट घातलं, तोंडाची नळी घरीच ठेवली. उन्हाळा आलाच होता.

वाटेतल्या चौकाखालच्या बोगद्याचा उतार असा की आजूबाजूचं वितळलेलं पाणी सगळं तळाशी जमतं. सावलीत ते रात्री गोठलेलं होतं आणि वर पाण्याचा पातळ थर. उताराला लागून वळण, समोरून कुत्रा घेऊन एक आजी. समीरने वेग कमी करायला पायाचा ब्रेक दाबला. मागचं गुळगुळीत चाक जागेवर थांबलं आणि बाजूला निघून गेलं. पुढच्या चाकाचे खिळे बर्फात घट्ट रुतलेले, त्यामुळे सायकल त्याच्याभोवती दारासारखी फिरली. डावा हात जमिनीला टेकला, मनगटाचं हाड मोडलं. पाच आठवडे प्लास्टर.

पुढे खिळे लावणं ऑक्टोबरमध्ये शहाणपणाचं होतं. पायाचा ब्रेक डिसेंबरमध्ये शहाणपणाचा होता. दोन्ही एकाच सायकलीवर आले तेव्हा थांबवण्याचं सगळं काम पकड नसलेल्या चाकावर पडलं. जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या बर्फाने ते झाकून ठेवलं, मार्चच्या ओल्या बर्फाने उघडं पाडलं. मागच्या चाकाबद्दल दुकानदार म्हणाला ते सरळ जाताना खरं असतं. वळणात ब्रेक लागला असेल तर सावरायला काही उरत नाही.

दवाखान्यात समीरने "सायकलवरून पडलो" एवढंच सांगितलं. कामावर जाताना, हे बोलला नाही. फिनलंडमध्ये मालकाला काढावा लागणारा अपघात विमा घर ते कामाच्या नेहमीच्या वाटेवरही लागू असतो, पायी असा, बसने असा की सायकलने. मुलाला पाळणाघरात सोडायचा छोटा वळसाही त्यात चालतो. चार दिवसांनी जेवायला आला तेव्हा बोलता बोलता हे निघालं. मग अर्ज, तारखा, ऑफिसकडून पत्र. झालं सगळं, पण पहिल्या दिवशी एका वाक्यात झालं असतं.

काय निष्पन्न झालं

मनगट बरं झालं. दुसऱ्या हिवाळ्यात, ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात, दोन्ही चाकांना खिळे लागले, आणि पहिले चाळीसेक किलोमीटर त्याने ते डांबरावर सावकाश चालवून नीट बसू दिले. एप्रिल संपेपर्यंत काढले नाहीत. कोरड्या डांबरावर ते तव्यावर वाटाणे भाजल्यासारखे तडतडतात, शेजारी वळून बघतात, बघू देत. उणे वीसचा नियम गेला. आता तो आधी रात्रीचं आणि आदल्या दुपारचं तापमान बघतो. पारा शून्य ओलांडून खाली आला असेल तर दहा मिनिटं लवकर निघतो आणि बोगद्यात उतरून चालतो.

पुन्हा करायचं तर

समीरच्या मते त्याने सगळ्यात आधी दोन टायर घ्यायला हवे होते आणि जाकिटाचे पैसे वाचवायला हवे होते. मला तेवढं पुरेसं वाटत नाही. डिसेंबरमध्ये सायकल बदलली तेव्हा टायरचा जुना निर्णय पुन्हा तपासायला हवा होता, आणि ते त्याच्यापेक्षा मला सुचायला हवं होतं. त्याचा तो पहिलाच हिवाळा होता, माझा नव्हता. दुसरं, उणे चोवीसच्या सकाळी बस सोडून सायकल काढणं मी आजही बरोबर मानतो. समीरच्या बायकोला ते अजिबात पटत नाही. तिचं म्हणणं, बसथांब्यावर जाड बूट घालून उभं राहता येतं. तेही खरंच आहे.

मुलीचा प्रश्न त्यांनी वेगळा ठेवला. मागच्या सीटवर बसलेलं मूल पायडल मारत नाही, म्हणजे तापतही नाही, आणि वारा मात्र बापाच्याच वेगाचा लागतो. उणे दहाच्या खाली ती सायकलवर बसत नाही, आईच्या घसरगाडीवर बसून जाते. आता तिला स्वतःची सायकल हवी आहे, वर्गातल्या इतरांसारखी. दुकानात तिच्या मापाचा खिळ्यांचा टायर बघून ठेवला आहे. दोन सांगितले आहेत.